किडनी बिघडते, पण मार बसतो तो रक्तवाहिन्यांच्या अस्तराला



या सदराकडे एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. ‘यांचं क्रिएटिनिन जरा वाढलंय. डॉक्टरांनी किडनीचं औषध द्यायचं सोडून बीपीची गोळी बदलली, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली आणि हृदयाची सोनोग्राफी करायला सांगितली. किडनीचा आणि हृदयाचा काय संबंध? आम्हाला उगाच फिरवतायत का?’

नाही हो, उगाच नाही. उलट ज्या डॉक्टरांनी किडनीचा रिपोर्ट पाहून हृदयाची चौकशी केली, त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. किडनीचा जुनाट आजार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डायलिसिसचं यंत्र येतं. प्रत्यक्षात या आजाराच्या बहुतेक रुग्णांवर डायलिसिसची वेळ येतच नाही. त्याआधीच हृदयविकार किंवा पक्षाघात गाठण्याचा धोका त्यांना जास्त असतो. असं का होतं, ते आज समजून घेऊ.

अस्तर म्हणजे नेमकं काय?

ब्लाउजला किंवा शेरवानीला आतून अस्तर लावतात. बाहेरून ते दिसत नाही, पण कापडाचा आकार, टिकाऊपणा आणि अंगाला होणारा स्पर्श त्याच्यावरच अवलंबून असतो. अस्तर विरलं की वरची भरजरी कापडंही लवकर फाटतात.

आपल्या रक्तवाहिन्यांनाही आतून असंच एक अस्तर असतं. त्याला वैद्यकात एन्डोथेलियम म्हणतात. जाडी फक्त एका पेशीची. हृदयातून निघणाऱ्या अंगठ्याएवढ्या महाधमनीपासून केसाहून बारीक केशवाहिन्यांपर्यंत हे अस्तर सलग पसरलेलं आहे. रक्ताचा थेट स्पर्श होतो तो यालाच.

हे अस्तर नुसतं पडून राहत नाही. ते सतत काम करत असतं. रक्तवाहिनी कधी सैल सोडायची आणि कधी आवळायची, रक्त कुठे गोठू द्यायचं आणि कुठे नाही, कोणता पदार्थ बाहेर झिरपू द्यायचा, हे सारं ते ठरवतं. त्याच्यावर साखर आणि प्रथिनांचा एक मखमली थरही असतो. या मखमलीमुळे रक्तातल्या पेशी भिंतीला चिकटत नाहीत आणि प्रथिनं गळून जात नाहीत.

अस्तराची ही हुशारी फार उशिरा लक्षात आली. १९८० साली अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग केले. एका ठराविक रसायनाने धमनी सैल पडायला हवी होती. कधी पडायची, कधी नाही. शोध घेतला तेव्हा कळलं की पट्टी तयार करताना आतलं अस्तर घासून निघालं असेल तर ती सैल पडत नाही. म्हणजे सैल पडण्याचा निरोप अस्तराकडून येत होता. हा निरोप नायट्रिक ऑक्साइड नावाचा एक साधा वायू पोचवतो, हे पुढे सिद्ध झालं. या शोधासाठी फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फेरीद मुराद यांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा: अस्तर निरोगी असेल तर नायट्रिक ऑक्साइड भरपूर, आणि ते भरपूर असेल तर रक्तवाहिन्या लवचिक.

किडनी म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता

आता किडनीकडे वळू. दोन्ही मूत्रपिंडांचं वजन मिळून शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला सुमारे १ लिटर रक्त, त्यांच्याकडे जातं. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा एक छोटा गुंता. या गाळण्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक शरीर परत घेतं आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतं.

गाळणीतल्या केशवाहिन्यांनाही तेच अस्तर असतं. म्हणून मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा तंबाखूने शरीरभरचं अस्तर खराब व्हायला लागलं की किडनीलाही झळ लागते. गाळणी सैल झाली की अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत उतरतं. एरवी ते रक्तातच राहायला हवं.

डेन्मार्कच्या टॉर्स्टन डेकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली याचा पुढचा अर्थ सांगितला. लघवीत अल्ब्युमिन येणं ही केवळ किडनीची तक्रार नाही. किडनीत अस्तर गळतंय, तर डोळ्यांत आणि हृदयातही ते गळत असण्याची शक्यता मोठी आहे. लघवीची बाटली म्हणजे सगळ्या शरीराच्या रक्तवाहिन्यांत डोकावण्याची खिडकी आहे, असं समजा.

किडनी मंदावली की अस्तराला काय होतं?

इथवर अस्तर बिघडलं म्हणून किडनी बिघडली. पण एकदा किडनी मंदावली की उलटा फेरा सुरू होतो. आता किडनीच अस्तराला मारायला लागते. कसं, ते पाच मुद्द्यांत पाहू.

पहिला मुद्दा, कचरा साचतो. आपण प्रथिनं खातो. आतड्यातले जंतू त्यांतल्या एका घटकापासून इंडोल नावाचा पदार्थ बनवतात. यकृत त्याचं इंडॉक्सिल सल्फेट करतं आणि किडनी ते बाहेर फेकते. किडनी थकली की हे रक्तात साचतं आणि अस्तराच्या पेशींना गंज चढावा तसा त्रास देतं. जखम भरून काढायची त्यांची ताकदही कमी होते. हा पदार्थ रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटून राहतो, त्यामुळे डायलिसिसनेही तो पुरता निघत नाही.

दुसरा मुद्दा, नायट्रिक ऑक्साइड आटतं. शरीरात एडीएमए नावाचा एक पदार्थ सतत तयार होत असतो. तो नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या यंत्रणेतच खीळ घालतो. किडनी निकामी झालेल्यांच्या रक्तात हा पदार्थ साचतो, हे लंडनच्या संशोधकांनी १९९२ साली दाखवलं. सैल पडण्याचा निरोपच पोचला नाही की रक्तवाहिनी आवळलेली राहते.

तिसरा मुद्दा, दाब वाढतो. आजारी किडनी मीठ आणि पाणी नीट बाहेर टाकत नाही. शिवाय रक्तवाहिन्या आवळणारी संप्रेरकं जास्त सोडायला लावते. वाढलेल्या दाबाचं रक्त अस्तरावर रात्रंदिवस आदळतं. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत उतरतो, पण किडनीच्या अनेक रुग्णांचा रात्रीही उतरत नाही.

चौथा मुद्दा, मंद धग. या आजारात शरीरात बारीक सूज कायम धुमसत राहते. वर सांगितलेला मखमली थर झडतो. पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात, चरबी आत शिरते, रक्ताची गुठळी होण्याचा कल वाढतो.

पाचवा मुद्दा सगळ्यांत विचित्र आहे. फॉस्फरस साचतो आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत चुना धरतो. भिंतीतल्या स्नायूपेशी आपलं काम सोडून हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. रबरी नळीसारखी असायला हवी ती धमनी कडक पाइपासारखी होते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००० साली डायलिसिसवरच्या तरुणांच्या हृदयाच्या धमन्या तपासल्या. २० ते ३० वयोगटातल्या १६ जणांपैकी १४ जणांच्या धमन्यांत चुना सापडला. विशी-तिशीतली मुलं, आणि धमन्या म्हाताऱ्या माणसाच्या!

पूर ओसरल्यानंतर आमच्या ब्रह्मा घाटावर जे दिसतं, ते इथे अगदी लागू पडतं. गंगा मागे सरते आणि पायऱ्यांवर गाळाचा जाड थर सोडून जाते. ओला आहे तोवर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो वाहून जातो. वाळून घट्ट झाला की फावड्याने खणावा लागतो. अस्तराचं बिघडणं सुरुवातीला ओल्या गाळासारखं असतं, पुष्कळसं सावरता येतं. चुना धरलेली धमनी मात्र पुन्हा मऊ करणारं खात्रीचं औषध आज तरी नाही. म्हणून सगळा भर लवकर ओळखण्यावर.

हे नवं नाही

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ साली किडनीच्या आजाराने गेलेल्या रुग्णांची मोठी नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या अनेकांचं हृदय जाड झालेलं आढळलं होतं. बिघडलेल्या रक्तामुळे बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागत असावा, असा एक तर्क त्यांनी मांडला. रक्तदाब मोजायचं यंत्रही तेव्हा दवाखान्यात नव्हतं. नुसत्या निरीक्षणावर माणूस किती जवळ पोचला होता, पाहा.

मग डायलिसिस आलं. रुग्ण जगू लागले, आणि १९७४ साली सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी लिहिलं की दीर्घकाळ डायलिसिसवर असलेले त्यांचे रुग्ण हृदयाच्या धमन्या बंद पडून जातायत. यंत्र किडनीचं काम काही अंशी करत होतं, पण अस्तराची झीज थांबत नव्हती.

२००४ साली कॅलिफोर्नियातल्या ११ लाखांहून अधिक प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. किडनीची गाळण्याची गती, म्हणजे ईजीएफआर, ६० च्या वर असलेल्यांशी तुलना केली होती. ही गती ४५ ते ५९ असलेल्यांना हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका १.४ पट, ३० ते ४४ असलेल्यांना २ पट, १५ ते २९ असलेल्यांना २.८ पट आणि १५ च्या खाली ३.४ पट निघाला. वय, मधुमेह वगैरे गोष्टींचा हिशेब वजा करूनही हा फरक उरला. आजार ‘थोडासाच’ असतानाच धोका वाढायला लागतो, हे यातलं महत्त्वाचं.

राजघाट ते जसलोक

ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा हा काशीतला जुना मराठी मुलूख. पेशवाईपासून इथे मराठी घरं आहेत, आणि अजूनही गल्लीत मराठी कानावर पडतं. इथून प्रवाहाबरोबर खाली गेलं की राजघाट लागतो. जयप्रकाश नारायण यांनी गांधी विचारांच्या अभ्यासासाठी वाराणसीत जी संस्था उभी केली, ती या राजघाटावर. जयप्रकाशांच्या शेवटच्या चार वर्षांत किडनी आणि हृदय यांचं नातं साऱ्या देशाने पाहिलं, म्हणून त्यांची आठवण काढतो.

२६ जून १९७५ च्या पहाटे त्यांना दिल्लीत अटक झाली. चंडीगडला कैदेत असताना प्रकृती ढासळली आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची सुटका झाली. मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये आणलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं स्पष्ट झालं. वय ७३. मधुमेह होता, हृदयाचं दुखणंही होतं. त्या काळात डायलिसिसची सोय देशात मोजक्याच ठिकाणी होती. उरलेलं आयुष्य त्यांनी यंत्राच्या आधाराने काढलं, आणि त्यातच १९७७ च्या निवडणुकीत ते देशभर फिरले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचं निधन झालं. ७७ वा वाढदिवस तीन दिवसांवर होता.

निधनाचं कारण म्हणून मधुमेह आणि हृदयविकार यांची नावं सांगितली जातात. एका माणसावरून नियम काढू नये, आणि त्यांची किडनी नेमकी कशामुळे गेली यावर त्या काळी पुष्कळ वाद झाला. पण मधुमेह, हृदय आणि किडनी या तिघांची जी साखळी त्यांच्या आजारात दिसते, ती आज घरोघरी आहे. यंत्राने किडनीचं काम सांभाळलं, तरी हृदय आणि रक्तवाहिन्या वेगळ्या सांभाळाव्याच लागतात.

त्या काळातल्या डॉक्टरांच्या हाती नव्हत्या अशा पुष्कळ गोष्टी आज आपल्या हाती आहेत. प्रश्न आहे तो त्या वापरण्याचा.

दोन तपासण्या, त्याही साध्या

किडनीचा आजार सुरुवातीला दुखत नाही. घाटाच्या पायऱ्या चढताना लागणारा दम, संध्याकाळी सुजणारे पाय, लघवीला येणारा फेस ही लक्षणं बहुतेक वेळा उशिरा येतात. म्हणून त्यांची वाट बघू नका.

एक तपासणी रक्ताची: क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर. नुसत्या क्रिएटिनिनवर समाधान मानू नका. किडनीचं काम बरंच घटेपर्यंत तो आकडा ‘नॉर्मल’ रकान्यात बसू शकतो. त्यातून घरातली आजी बारीक अंगाची असेल, स्नायू कमी असतील, तर आकडा आणखीच फसवा ठरतो. ‘ईजीएफआर किती आला?’ असं मुद्दाम विचारा. तो ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिला, तर त्याला जुनाट आजार म्हणतात.

दुसरी तपासणी लघवीची: अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, लॅबच्या भाषेत एसीआर. सकाळची पहिली लघवी दिली तर उत्तम. आकडा ३० च्या खाली असावा. ३० ते ३०० म्हणजे अस्तर गळायला लागल्याची सूचना. ३०० च्या वर म्हणजे गळती बरीच आहे. ताप, मासिक पाळी, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जबर व्यायाम यांनीही आकडा वाढतो. म्हणून एका रिपोर्टवर घाबरू नका, पुन्हा तपासा. ईजीएफआर चांगला असूनही एसीआर वाढलेला असू शकतो. दोन्ही तपासण्या हव्यात त्या यासाठी.

कोणी करायच्या? मधुमेह असलेल्यांनी दरवर्षी. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी. आई-वडील किंवा भावंडांना किडनीचा आजार असलेल्यांनी. मुतखडा वारंवार होणाऱ्यांनी. वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी. ज्यांना गरोदरपणात रक्तदाब वाढला होता, त्या ताईंनीही डॉक्टरांना हे सांगायला विसरू नका.

घरात काय बदलायचं?

मीठ. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, कचोरी सगळं आलं. आमच्याकडे एकादशीला सैंधव चालतं म्हणून किडनीलाही चालतं, असा समज आहे. सैंधवही मुख्यतः सोडियमचंच मीठ आहे. आणि दुकानात ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळतं त्या मिठात बहुतेक वेळा पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असणाऱ्याच्या रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

तंबाखू. सिगारेट, विडी, गुटखा, सुरती किंवा तंबाखूचं पान, रूप कुठलंही असो. बनारसी पानाचं कौतुक सगळ्यांनाच आहे, पण त्यातला तंबाखू अस्तराला सोडत नाही. पान खायचंच तर साधं.

दुखण्याच्या गोळ्या. गुडघे दुखले की दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणायचं, ही सवय घातक आहे. या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा घटवतात. महिनोन्महिने घेतल्या तर किडनी जाऊ शकते. त्यांच्याऐवजी काय घ्यायचं, ते डॉक्टर सांगतील. कशापासून बनलंय याची खात्री नसलेली भस्मं आणि पुड्याही नकोत. काहींमध्ये जड धातू सापडले आहेत.

बाटलीबंद रंगीत पेयं आणि पाकिटातलं खाणं. गडद कोलामध्ये आणि पुष्कळशा तयार पदार्थांमध्ये टिकाऊपणासाठी किंवा चवीसाठी घातलेला फॉस्फेट असतो. डाळीतला फॉस्फरस शरीर अर्धवटच शोषतं, हा घातलेला मात्र जवळजवळ सगळा शोषतं. चुना धरायला आमंत्रण तेच.

एक खास इशारा. हिवाळ्यात बाजारात कमरख येते. मराठीत आपण तिला करमळ म्हणतो, आडवी कापली की चांदणी दिसते ती. निरोगी माणसाला ती चालते. पण किडनीच्या रुग्णांना तिच्यातल्या विषारी घटकाने न थांबणारी उचकी, भ्रम, झटके येऊ शकतात, क्वचित जीवही जातो. किडनीचा आजार असेल तर करमळ चाखूही नका, चटणीतसुद्धा.

आणि चालणं. वेगाने चालताना रक्ताचा प्रवाह अस्तरावरून जोरात सरकतो आणि अस्तर जास्त नायट्रिक ऑक्साइड सोडतं. गोळीने मिळणार नाही असा हा फायदा आहे. रोज अर्धा तास, आपल्या दमाने.

आजार आहे असं कळलं तर?

घाबरू नका, पण टाळूही नका. डॉक्टरांशी चार गोष्टी बोला.

रक्तदाब किती ठेवायचा? पुष्कळ रुग्णांसाठी १३०/८० च्या खाली ठेवतात, पण वय आणि चक्कर येण्याचा त्रास पाहून तो ठरतो. रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या दाबाबरोबर अल्ब्युमिनची गळतीही कमी करतात. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या. क्रिएटिनिन थोडं वर गेलं म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. जुलाब-उलट्या होत असतील त्या दिवशीही गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे आधीच विचारून ठेवा.

कोलेस्टेरॉलची गोळी हवी का? २०११ साली सुमारे ९ हजार किडनी रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांनी हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्या तुंबण्याच्या घटना सुमारे एक षष्ठांशाने घटल्या. पत्राच्या सुरुवातीला ज्यांनी विचारलं, ‘ही गोळी कशाला?’ त्यांना हे उत्तर.

डापाग्लिफ्लोझिनसारखं औषध मला चालेल का? मधुमेहासाठी आलेली ही औषधं मधुमेह नसलेल्या अनेक किडनी रुग्णांनाही उपयोगी पडतात, हे २०२० साली दिसून आलं. किडनीची घसरण मंदावते आणि हृदय कमकुवत होण्याचा धोकाही घटतो.

हृदयाची तपासणी केव्हा करायची? छातीत दडपण, चालताना दम, पाय सुजणं असेल तर लगेच. किडनीच्या रुग्णाने छातीतलं दुखणं ‘गॅस झालाय’ म्हणून कधीच सोडून देऊ नये.

डायलिसिसची वेळ आलीच, तरी वाट बंद होत नाही. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत सोय उभी राहिली आहे. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना ती मोफत आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

शेवटचं एक सांगतो

घरात मोठ्या माणसांच्या औषधाचा डबा आपण नीट भरतो, पण त्यांचे रिपोर्ट मात्र कपाटात दुमडून पडलेले असतात. ही सोपी गोष्ट घरातली मुलं करू शकतात. आजोबांच्या, काकूंच्या, आईबाबांच्या जुन्या रिपोर्टांतून तीन आकडे मोबाइलमध्ये एका ओळीत लिहून ठेवा: ईजीएफआर, लघवीतला एसीआर आणि रक्तदाब, प्रत्येकापुढे तारीख. सहा महिन्यांनी नवा आकडा त्याखाली लिहा. एकटा आकडा फारसं बोलत नाही, पण चार आकडे एकाखाली एक आले की उतार कुठे लागलाय ते डॉक्टरांना चटकन कळतं. आणि ज्या घरात मधुमेह किंवा बीपी असूनही एसीआरची जागा रिकामी राहिली, तिथे पुढची तपासणी कोणती करायची हे सांगायलाच नको.

पुढच्या वेळी भेटूच. तोवर चालत राहा, मीठ हात राखून घाला, आणि आपापल्या माणसांना जपा.